डार्करूमशिवाय, सोलापुरात राहून मॅन रेच्या शैलीत प्रयोग कसे करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रायोगिक छायाचित्रणाचा प्रकल्प आहे, एखाद्या मोठ्या छायाचित्रकाराची शैली अभ्यासून स्वतःची मालिका करायची आहे. तुम्ही मॅन रे निवडलात. डार्करूम नाही, हातात मोबाईल आहे, आणि ॲपमधल्या फिल्टरने त्याच्यासारखं काही केलं की ते खोटं वाटतं.

खोटं वाटतंय ते बरोबरच आहे. मॅन रेच्या ज्या चित्रांना रेयोग्राफ म्हणतात, त्यांत कॅमेराच नाही. वस्तू थेट उजेडाने काळ्या पडणाऱ्या फोटोच्या कागदावर ठेवायची, वरून दिवा लावायचा, कागद डेव्हलप करायचा. जिथे वस्तू टेकली तिथे कागद पांढरा राहतो, जिथे उजेड पोचला तिथे काळा होतो. वस्तूने त्या कागदाला खरोखर हात लावलेला असतो. फिल्टरला चित्राचं वरवरचं रूप घेता येतं, हा स्पर्श घेता येत नाही.

माझ्या वडिलांचा नव्या पेठेजवळ छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो. मागच्या बाजूला चार बाय सहा फुटांची डार्करूम, लाल दिवा, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का (फिक्स) करणाऱ्या रसायनाचा, आंबूस वास. सातवीत असताना मी तिथे ब्रोमाइड कागदाच्या एका तुकड्यावर शेजारच्या मागावरून आणलेली सुताची कांडी ठेवली आणि दिवा लावला. कागद महाग होता, वडील रागावले. पण तो तुकडा त्यांनी फिक्स करून इतर फोटोंबरोबर चिमट्याला लावून वाळत घातला. कांडीवर सूत जिथे दाट होतं तिथे पांढराशुभ्र, आणि सुटलेल्या टोकापाशी एकेक धागा वेगळा, केसाएवढा. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. मॅन रेचं नाव मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी ऐकलं.

आता त्याच्याबद्दल. जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. खरं नाव इमॅन्युएल रॅडनिट्स्की. वडील शिंपीकाम करायचे, आईही शिवणकाम जाणणारी. घरात सुया, कात्र्या, चिंध्या, इस्त्र्या. १९२१ मध्ये तो पॅरिसला गेला आणि पोटासाठी पॉल प्वारे या फॅशनकाराच्या कपड्यांचे फोटो काढू लागला. त्याच्या आत्मचरित्रात किस्सा आहे: हॉटेलच्या खोलीत रात्री प्रिंट काढताना एक कोरा कागद चुकून डेव्हलपरमध्ये गेला. त्या ओल्या कागदावर त्याने हाताशी असलेलं काचेचं नरसाळं, मापाचं भांडं आणि थर्मामीटर ठेवून दिवा लावला, आणि डोळ्यांसमोर चित्र उमटलं. १९२२ मध्ये अशा १२ चित्रांचा संच त्याने काढला. कॅमेऱ्याशिवाय छाप घेणं त्याच्या आधीही होतं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १८४३ पासून समुद्री शैवालाचे निळे छाप काढले होते. हंगेरियन कलाकार मोहोली-नॉज हासुद्धा त्याच सुमारास हेच करत होता. पण अ‍ॅटकिन्सना शैवालाची नेमकी नोंद हवी होती. मॅन रेला वस्तू अनोळखी करायची होती.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: त्याच्या वस्तू घेऊ नका. त्याच्या चित्रांत फणी आहे, वस्तऱ्याचं पातं आहे, सुई आहे, म्हणून आपणही ऑनलाइन फणी मागवायची असं बरेच जण करतात. तो त्याच्या खोलीतलं घेत होता, शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हाताला जे ओळखीचं ते घेत होता. शिवणयंत्र घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून त्याने १९२० मध्ये त्याचा फोटो काढला होता. इस्त्रीच्या तळाला खिळे चिकटवले ते १९२१ मध्ये. शहर चादरीचं असलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि फणीच म्हणाल, तर आपल्याकडे फणी मागावर असते, जिच्या तारांमधून उभे धागे ओवतात ती.

पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जा. ओळखीचं कुणी नसेल तर दारात उभं राहून "अण्णा, जॅकार्डची जुनी कार्डं आहेत का?" एवढं विचारा, बहुतेक ठिकाणी आत बोलावतील. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर विणतात, त्याला जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात. त्यांना भोकं पाडलेली असतात आणि त्या दोऱ्याने एकमेकींना ओवलेल्या असतात. एक पट्टी म्हणजे धोट्याची, आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीची, एक फेरी. भोक असेल तिथला हूक वर जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. म्हणजे मोर असो की फूल, ते त्या पट्ट्यांत आधीच 'उजेड जातो' आणि 'उजेड जात नाही' या भाषेत लिहून ठेवलेलं असतं. मी पहिल्यांदा ते कार्ड खिडकीसमोर धरलं तेव्हा हे लक्षात आलं, आणि त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. जिथे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं तिथे ही कार्डं रद्दीत गेली, तेव्हा मिळतील तेवढी जपून ठेवा.

डार्करूमऐवजी सायनोटाइप करा, म्हणजे उन्हात उमटणारे निळे छाप. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत आहे, दिवा सूर्याचा, धुणं पाण्याचं. दोन द्रावणं लागतात. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं मिळतं ते. दुसऱ्या १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायची. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात विचारा. वापरायच्या वेळी दोन्ही सम प्रमाणात मिसळायची, पडदे लावून, साध्या पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने पातळ हात मारायचा आणि अंधारात वाळू द्यायचं. नावात सायनाइड आहे म्हणून घरचे घाबरतील. या संयुगात ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं. पण ते तापवायचं नाही आणि तीव्र आम्लात कधीही मिसळायचं नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका. यात हयगय नको.

कोरड्या कागदावर वस्तू मांडून उन्हात ठेवा. पिवळट हिरवा रंग आधी निळसर होतो, मग राखाडी झाक येते. ती आली की उचला. एप्रिल-मेच्या दुपारी मला पाच ते आठ मिनिटं लागतात, पावसाळी दिवसात अर्धा तासही लागतो. एक पट्टी घेऊन दर दोन मिनिटांनी तिचा थोडा भाग झाकत जा, तुमचं तुम्हाला माप मिळेल. मग पिवळेपणा जाईपर्यंत धुवायचं. नळाला रोज पाणी येत नसेल तर वाहत्या पाण्याऐवजी तीन बादल्या ओळीने ठेवा, एकीतून दुसरीत.

इथे माझी एक मोठी चूक सांगते, तुमची वाचेल. मी दोन मीटर मांजरपाटावर जॅकार्ड कार्डांची अख्खी माळ छापली होती. निळा सुरेख आला. बोअरच्या पाण्यात चार वेळा धुतला, आणि सकाळी पाहते तर निळा उतरून कापडभर गंजासारखी पिवळट छटा. मला वाटलं ऊन कमी पडलं. पुन्हा केला, दुप्पट वेळ ठेवला, पुन्हा तेच. दोष उन्हाचा नव्हता, पाण्याचा होता. हा निळा, ज्याला प्रशियन ब्लू म्हणतात, अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. आमच्या बोअरचं पाणी तसंच होतं. तेव्हापासून पहिल्या बादलीत मी चमचाभर लिंबूसत्त्व टाकते आणि धुणं लवकर आटोपते. कापडावर करणार असाल तर आधी मांजरपाट रात्रभर भिजवून, उकळून त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर रसायन आत शिरतच नाही. नंतर ते कापड साबणाच्या भुकटीने कधीही धुवू नका, त्याच कारणासाठी. उलट, मुद्दाम रंग बदलायचा असेल तर धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात निळा उतरवून कडक चहाच्या पाण्यात बुडवा, काळपट तपकिरी येतो. मॅन रेच्या काळ्या-पांढऱ्याच्या जवळ जाणारा सूर तिथे सापडतो.

आता शैलीकडे. मॅन रे वस्तू निवडताना ती दिसते कशी याचा विचार करत नव्हता, उजेड तिचं काय करतो हे बघत होता. स्टीलचा पेला कागदावर ठेवलात तर नुसता पांढरा गोल मिळेल. काचेचा ठेवलात तर काच थोडा उजेड अडवते, थोडा सोडते, थोडा वळवून एका जागी गोळा करते. पेल्याच्या आत निळ्याच्या पाच-सहा छटा दिसतात आणि बाजूला एक तेजस्वी वळसा उमटतो. सुताची लड, फणीच्या तारा, धोटा, लोकरीचा गुंता, कांद्याची साल, जाळीदार टॉवेलचा काठ, एकेक वेगळा ठेवून पाहा. मग दोन एकत्र. मालिकेसाठी दहा वस्तूंपेक्षा दोन वस्तूंची दहा नाती मला जास्त मोलाची वाटतात.

उन्हाची एक गोष्ट डार्करूमच्या दिव्यात मिळत नाही. सूर्य सरकतो. पंधरा मिनिटांत साधारण पावणेचार अंश. दहा सेंटीमीटर उंचीच्या वस्तूची सावली तेवढ्यात सहा-साडेसहा मिलिमीटर हलते, म्हणून तळाशी कडा धारदार आणि वरच्या टोकाची कडा विरघळलेली येते. हा दोष समजू नका, वापरा. आणि आपल्या अक्षांशावर वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, मेच्या १०-१२ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दिवशी दुपारी सव्वाबारा ते बारा पस्तीसच्या दरम्यान सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभी वस्तू स्वतःच्याच पायाशी सावली टाकते. धोटा उभा धरून तेव्हा छाप घ्या, आणि तोच सकाळी आठला घ्या. ऑगस्टला ढग असतात, मेचा दिवस चुकवू नका. मॅन रेला पॅरिसमध्ये हे ऊन नव्हतं.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणत नाही. १९२० मध्ये न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ या कलाकाराच्या 'मोठी काच' नावाच्या कलाकृतीवर महिनोन्‌महिने साचलेल्या धुळीचा त्याने फोटो काढला. शटर उघडं ठेवून दोघं जेवायला गेले. तो फोटो आकाशातून पाहिलेल्या ओसाड जमिनीसारखा दिसतो. मागाच्या शेडमध्ये तुळयांवर, तारांवर, बंद मागाच्या चौकटीवर कापसाचे तंतू असेच साचलेले असतात. मोबाईल त्या पातळीवर आडवा टेकवा, दुसऱ्या बाजूने टॉर्चचा उजेड जमिनीला घासून जाईल असा सोडा. फोटो काढा, कॉन्ट्रास्ट वाढवा, बस्स. हे मोबाईलचं स्वतःचं काम आहे, कुणाचा फिल्टर नाही.

सोलरायझेशन तुमच्या यादीत असणार, ज्यात चेहऱ्याभोवती काळी रेघ येते. ते चांदीच्या फिल्मवर किंवा कागदावर होतं, डेव्हलप होत असताना मध्येच दिवा लावून. सायनोटाइपमध्ये ते जमत नाही. मोबाईलवर फोटो एडिटरमधली कर्व्हची (उजेड-अंधार बदलणारी) रेषा मध्येच उलटी वळवून त्याच्या जवळपास जाता येतं, पण ती रेघ तशी येत नाही, त्यामुळे मी तरी तुमच्या जागी हे सोडून देईन. प्रकल्पाच्या टिपणात मात्र एक गोष्ट नक्की लिहा. हे तंत्र मॅन रेच्या नावावर सांगितलं जातं, पण १९२९ च्या सुमारास त्यांच्या डार्करूममध्ये ते हाती लागलं ते त्याची तेव्हाची सहायक ली मिलर हिच्यामुळे. पायावरून काहीतरी पळालं म्हणून तिने दिवा लावला, असं तिने पुढे सांगितलं आहे. ती स्वतः मोठी छायाचित्रकार होती, दुसऱ्या महायुद्धाचे तिचे फोटो पाहा. तिचं नाव वगळून मॅन रेची शैली लिहिणं मला पटत नाही. वर्गात कुणी लिहिणार नाही, तुम्ही लिहा.

चांदीच्या कागदाचा अनुभव हवाच असेल तर शहरातल्या जुन्या स्टुडिओंत मुदत संपलेला ब्रोमाइड कागद मागा. तो डेव्हलपरशिवाय थेट उन्हात ठेवला की गुलाबी, जांभळट, विटकरी रंग येतात. हायपोत घातला की रंग फिके पडतात, त्यामुळे आधी सावलीत मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवा, मग फिक्स करा.

आणि छापलेला मांजरपाट वाळत घालताना उन्हात नको, घरात सावलीत घाला. पहिल्या दिवशी निळा जरा फिका वाटेल. दुसऱ्या दिवशी तो हवेने आपोआप गडद होतो, त्याआधी पुन्हा रसायन लावायची घाई करू नका.