मॅमोग्राफी नॉर्मल आली असताना एमआरआय कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तिच्यात आढळलेला बीआरसीए १ या जनुकातला दोष तुमच्याही चाचणीत निघाला, तुमचे वय ३१ आहे, नुकतीच केलेली मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) नॉर्मल आहे आणि तरीही डॉक्टर दरवर्षी एमआरआय करायला सांगत आहेत, तो खरोखर हवा आहे, की उगाच खर्चात पाडणे आहे? मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षे मुख्यतः स्तनांच्याच प्रतिमा वाचते. तुमच्या बाबतीत एमआरआय हीच मुख्य तपासणी आहे आणि मॅमोग्राफी तिच्या जोडीची, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, तर दुग्धग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती पांढऱ्या दिसतात. अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. तुरीच्या डाळीतला खडा निवडताना चटकन नजरेस पडतो, तांदळातला पांढरा खडा मात्र पुष्कळदा दाताखाली आल्यावरच कळतो. तिशीतल्या बहुतेक स्त्रियांचे स्तन या अर्थाने तांदळासारखे असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये घनतेसमोर 'सी' किंवा 'डी' (म्हणजे पांढऱ्या दिसणाऱ्या ऊती जास्त) असे अक्षर लिहिलेले असेल, तर 'नॉर्मल' याचा अर्थ 'या तपासणीला काही दिसले नाही' एवढाच घ्यावा.

कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, बीआरसीए १ किंवा त्याच्याच जोडीच्या बीआरसीए २ या जनुकात दोष असलेल्या २३६ स्त्रियांची चार पद्धतींनी तपासणी करण्यात आली. एकूण २२ कर्करोग सापडले. त्यांपैकी एमआरआयने १७, मॅमोग्राफीने ८, सोनोग्राफीने ७ आणि डॉक्टरांनी हाताने केलेल्या तपासणीने अवघे २ ओळखले. हाताने केलेल्या तपासणीचा उल्लेख मुद्दाम करते, कारण मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा दाखला अनेकजण देतात. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, आणि हे यश मोठे आहे. परंतु पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना तसा लाभ दिसला नाही, शिवाय तो अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता, जनुकीय दोष असलेल्यांचा नव्हता.

एमआरआय गाठीचा आकार तर दाखवतोच, पण त्याचा खरा भर रक्तपुरवठ्यावर असतो. वाढणारा कर्करोग स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करतो आणि त्या गळक्या असतात. शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त औषध तिथे पहिल्या एक-दोन मिनिटांतच झपाट्याने भरते आणि पुष्कळदा तितक्याच लवकर ओसरूही लागते. निरोगी ऊतीत ते सावकाश चढते. या तपासणीत तुम्हाला पालथे झोपावे लागेल, स्तन खालच्या दोन पोकळ्यांत मोकळे सोडले जातील आणि अर्धा-पाऊण तास अजिबात हलता येणार नाही. आवाज बराच होतो, परंतु मॅमोग्राफीसारखा दाब नसतो आणि क्ष-किरणही नसतात.

सोनोग्राफीवर भागेल का, असेही तुम्ही विचारले आहे. त्याबाबत माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी ३४ वर्षांच्या एका बाईंच्या सोनोग्राफीत मला गुळगुळीत कडांची, जेमतेम ९ मिलिमीटरची लंबगोल गाठ दिसली. तरुण वयात वारंवार आढळणारी निरुपद्रवी फायब्रोअ‍ॅडेनोमा असावी, असे लिहून मी त्यांना सहा महिन्यांनी बोलावले. अर्जावरचा कौटुंबिक इतिहासाचा रकाना कोरा होता आणि मी तो विचारून भरला नाही. तीन महिन्यांतच त्या बाई आपल्या आत्याचा जनुकीय रिपोर्ट हातात घेऊन परत आल्या. "आत्या बाबांकडची, म्हणून सांगितलं नाही," असे त्या म्हणाल्या. एमआरआयमध्ये तीच गाठ उजळली आणि बायोप्सीत कर्करोग निघाला. बीआरसीए १ असलेल्यांचे कर्करोग बरेचदा असेच गोल, साळसूद चेहऱ्याचे असतात. आणि हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. तुमच्या मामेबहिणींना आणि मावसबहिणींना हे अवश्य कळवा.

आता एमआरआयची दुसरी बाजू. तो इतका संवेदनशील आहे की निरुपद्रवी गोष्टीही उजळून दाखवतो. रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स' नावाचा, संशय किती आहे हे सांगणारा आकडा असतो. तो '३' आला, तर कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते आणि सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. '४' आला, तर बायोप्सी करावी लागते, पण ४ म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे. पहिल्या वर्षी तुलनेला जुनी प्रतिमा नसल्यामुळे असे खोटे इशारे जास्त मिळतात. मासिक पाळीच्या ७व्या ते १४व्या दिवसादरम्यान तपासणी केल्यास ते बरेच टळतात, म्हणून तारीख पाळीच्या हिशोबाने घ्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास आधीच सांगा.

मॅमोग्राफीच्या किरणांची भीती मात्र नको. एका तपासणीतला डोस सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट असतो, म्हणजे निसर्गातून साधारण सात आठवड्यांत मिळतो तेवढा. काही कर्करोगांची सुरुवातीची खूण असणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण तीच अधिक चांगले दाखवते. तरीही हा जनुक पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारा असल्यामुळे तिशीपूर्वी ती सहसा टाळतात. तुम्ही तिशी ओलांडली आहे. अनेक ठिकाणी दोन्ही तपासण्या सहा-सहा महिन्यांच्या अंतराने ठेवतात आणि मला ती पद्धत पटते, कारण वेगाने वाढणाऱ्या गाठीला वर्षभर मोकळे रान मिळत नाही.

बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही याच दोषाने वाढतो आणि तिथे कोणतीही प्रतिमातपासणी भरवशाची नाही. त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी वेगळे बोलावे लागेल.

एमआरआयची वेळ घेताना केंद्राला दोन प्रश्न विचारा: स्तनांसाठीची स्वतंत्र कॉइल (एमआरआयचे संकेत टिपणारे साधन) आहे का, आणि फक्त एमआरआयमध्येच काही दिसले तर एमआरआयच्याच मार्गदर्शनाखाली बायोप्सी करण्याची सोय तिथे किंवा अन्यत्र ठरलेली आहे का. जाताना नुकत्याच केलेल्या मॅमोग्राफीची फिल्म किंवा सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट नेल्यास आम्हाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.