पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारा) डिसेंबर 2025 ला घेतला पण बसला जानेवारी 2026 ला, अमेरिकेत टॅक्स क्रेडिट मिळेल का? दुकानदार मिळेल म्हणतोय

नाही मिळणार. दुकानदाराला स्टोव्ह विकायचा होता. पावतीच्या तारखेला काही अर्थ नाही, स्टोव्ह बसून चालू कधी झाला ते धरतात, आणि 31 डिसेंबर 2025 नंतर बसलेल्या कशालाच हे क्रेडिट नाही. आधी 2032 पर्यंत होतं, जुलै 2025 च्या कायद्याने कापलं.

एवढ्या ठामपणे सांगतोय कारण याच तारखेवरून माझं आणि साडूचं वाजलंय. मी व्हरमाँटला, तो न्यू जर्सीला, अर्ध्या नातेवाइकांचे रिटर्न तोच भरतो त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. नोव्हेंबर 2023 ला मी स्टोव्ह घेतला, चार हजार डॉलरचा, वर बसवायचे चौदाशे. डिसेंबरात माणूस आला, भिंतीला हे एवढं भोक पाडलं आणि मग म्हणतो धुराच्या पाइपचा एक तुकडा चुकीच्या मापाचा आलाय. गेला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उगवला. तोवर त्या भोकात आईने दिलेली गोधडी कोंबलेली, आणि आम्ही जॅकेट घालून जेवतोय.

रिटर्न भरायच्या वेळी साडू म्हणे, पावती 2023 ची आहे ना, मग 2023 लाच टाक, कोण बघायला येतंय. मी म्हटलं पेटला 2024 ला, तर 2024 लाच. आता नशीब बघा, त्याच वर्षी आमचा गीझर गळायला लागला आणि हीट पंपवाला वॉटर हीटर घ्यावा लागला, तीन हजारांचा. क्रेडिट खर्चाच्या 30 टक्के, म्हणजे स्टोव्हचे मजुरीसकट 1620, हीटरचे 900, झाले 2520, पण या दोन्ही गोष्टींना मिळून वर्षाला 2000 च्या वर देत नव्हते. 520 डॉलर पाण्यात. तेव्हापासून गणपतीत आरती झाली रे झाली की साडू सगळ्यांसमोर "हरिश्चंद्राचे 520" काढतो, आणि बायको हसते.

पण चूक तोच होता! हे क्रेडिट मागायचा जो फॉर्म 5695, त्याच्या सूचनांत सरळ लिहिलंय, कोणी वाचतच नाही. रिटर्न भरून देणारा नातेवाईक म्हणजे सीए नव्हे, हे लक्षात ठेवा.

हां, ज्यांचा 2025 संपायच्या आत बसलाय त्यांनी मात्र सोडू नका. बसवायची मजुरी पण धरता येते. एफिशियन्सी किमान 75 टक्के हवी, ती एचएचव्ही वाली (वाफेतून जाणारी उष्णताही हिशोबात धरणारी), ब्रोशरवर बऱ्याचदा ती न धरता काढलेला एलएचव्हीचा फुगवलेला आकडा असतो, तेव्हा ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) यादीत मॉडेल बघा. घरात तुम्ही स्वतः राहत असायला हवं, नुसतं भाड्याने दिलेलं चालत नाही. आणि तुमचा कर जेवढा तेवढंच क्रेडिट, उरलेलं हातात मिळत नाही की पुढच्या वर्षीही जात नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं.

तुमच्या राज्याची किंवा वीज कंपनीची काही सवलत आहे का ते बघा, ती वेगळी असते. आणि दुकानदाराने क्रेडिट मिळेल असं ईमेलवर लिहून दिलं असेल तर तो दाखवून थोडे पैसे परत मागा, लाजू नका.

अजून एक, बॅटरी बॅकअप घेऊन ठेवा. लाइट गेली की पेलेट स्टोव्ह पण थंड. साडू तेव्हा म्हणाला होता लाकडाचा घे म्हणून, तेवढं त्याचं बरोबर होतं, पण हे त्याला सांगणार नाहीये.