पिंग होतंय, तरी लाइन का थांबते?

प्रश्न : मी एका कंपनीत आयटी सांभाळतो. कारखान्यातल्या एका उत्पादन लाइनच्या पॅनेलमधला नेटवर्क स्विच जळाला, म्हणून ऑफिसमधला शिल्लक स्विच तिथे बसवला. लिंकचे दिवे हिरवे आहेत, पिंग (उपकरण नेटवर्कवर उत्तर देतं का, ही चाचणी) व्यवस्थित होतंय. तरी दिवसातून तीन-चारदा रिमोट आयओचा (यंत्राजवळचे सेन्सर आणि आउटपुट जोडणाऱ्या मॉड्यूलचा) संपर्क तुटल्याचा फॉल्ट येऊन लाइन थांबते. इथरनेट तर दोन्हीकडे एकच ना?

उत्तर : पिंगवर विसंबू नका. ते सेकंदाला एकदा विचारतं. तुमचं नेटवर्क प्रोफिनेटचं (कारखान्यात वापरलं जाणारं इथरनेट) असेल आणि अपडेट टाइम, म्हणजे दोन फ्रेममधलं अंतर, 2 मिलिसेकंद ठेवलेला असेल, तर त्या एका सेकंदात आयओच्या 500 फ्रेम (माहितीची पाकिटं) येऊन गेलेल्या असतात.

ऑफिसात एखादं पॅकेट हरवलं तर टीसीपी ते पुन्हा पाठवतं. फाइल जराशी उशिरा उघडते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे हरवलेली फ्रेम कुणी परत मागत नाही, कारण ती येईपर्यंत सेन्सरची स्थिती बदललेली असते. लागोपाठ तीन हुकल्या (सहसा सेटिंग तेवढंच असतं) की संपर्क तुटला असं धरलं जातं, आउटपुट बंद होतात आणि लाइन उभी राहते. म्हणजे तुमच्या हातात फक्त 6 मिलिसेकंद आहेत.

आता हिशेब करा. 100 एमबीपीएसच्या पोर्टमधून पूर्ण भरलेली एक फ्रेम जायला साधारण 0.12 मिलिसेकंद लागतं. अशा पन्नास फ्रेम रांगेत पुढे आल्या की सहाच्या सहा मिलिसेकंद संपले. आणि पन्नास फ्रेम म्हणजे जेमतेम 75 केबी!

मी स्वतः अशा एका लाइनवर दोन रात्री काढल्या आहेत. केबल बदलली, मॉड्यूल बदललं, काही उपयोग नाही. शेवटी ऑपरेटरच म्हणाला, "साहेब, माल रिजेक्ट झाला की लगेच थांबते." रिजेक्ट झाला की तपासणीचा कॅमेरा त्याचा फोटो सर्व्हरला पाठवायचा, आणि तो आयओच्याच अपलिंकवरून (स्विचमधून पुढे जाणाऱ्या सामायिक केबलवरून) जायचा. प्रोफिनेटच्या फ्रेमवर प्राधान्य 6 चा टॅग असतो. तो पाहून स्विचने त्यांना रांगेत पुढे घ्यायचं असतं. तिथला साधा स्विच टॅगकडे बघतच नव्हता. टॅग मानणारा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच लावल्यावर थांबणं बंद झालं.

दुसरा संशय केबलवर घ्या. आरजे-45 ची प्लास्टिकची क्लिप टेबलाखाली वर्षानुवर्षं टिकते. थरथरणाऱ्या यंत्रावर ती सैल होते, म्हणून तिथे आटे असलेला एम-12 कनेक्टर वापरतात. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) मोटर केबलला खेटून नेटवर्कची केबल नेली असेल तर ती आधी तिथून दूर न्या.

(तुमच्याकडे इथरकॅट हे दुसऱ्या पद्धतीचं कारखान्यातलं नेटवर्क असतं, तर उपकरणांच्या मधे असा साधा स्विच टाकून चाललं नसतं. तिथे एकच फ्रेम प्रत्येक उपकरणातून धावत जाते आणि जो तो जाता जाता आपला भाग वाचतो-लिहितो.)

आयओ मॉड्यूलच्या पोर्टचे एरर काउंटर पीएलसीच्या (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) सॉफ्टवेअरमधून वाचा. वाढत असतील तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. वाढत नसतील तर रांगेचा संशय धरा आणि लाइन थांबल्याची वेळ प्रत्येक पाळीला सेकंदासकट लिहून ठेवायला सांगा. त्या क्षणी नेटवर्कवर आणखी काय चाललं होतं, ते ऑपरेटरलाही विचारा.