किल्ली दिली म्हणून कर्ज फिटत नाही

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर होतो. सात महिन्यांपूर्वी काम गेलं. विश्रामबागेत २०१९ साली घेतलेल्या फ्लॅटवर २८ लाखांचं गृहकर्ज आहे. पत्नी सहकर्जदार, मेहुणा जामीनदार. पाच हप्ते थकलेत आणि आता बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. एकूण येणे २४ लाख ६० हजार. वसुलीला येणारा माणूस म्हणतो, "किल्ली आणून द्या, कागदावर सही करा, विषय संपला." खरंच संपेल का? वडिलांच्या नावावर तासगावजवळ द्राक्षबाग आहे, तिच्यावर काही येईल का? मला अटक होऊ शकते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : संपणार नाही. आधी हे डोक्यात पक्कं करा, मग पुढचं वाचा.

आपल्याकडे गहाण घर बँकेला 'परत' देऊन कर्जातून मोकळं होण्याची सोय कायद्यात नाही. घर बँकेचं कधी नव्हतंच, ते तुमचं आहे. बँकेकडे आहे तो फक्त गहाणाचा हक्क. किल्ली दिलीत की जातो तो ताबा. मालकी आणि कर्ज दोन्ही तुमच्याच नावावर राहतात. घर विकलं जाऊन पैसे खात्यात जमा होईपर्यंत व्याज चालू, सोसायटीचा मेंटेनन्स चालू, आणि पहारेकरी, मूल्यांकन, जाहिरात यांचा खर्चही तुमच्याच खात्यावर. माझ्याकडे एक गृहस्थ असेच आले होते. किल्ली देऊन गावी गेले, सुटलो म्हणून. दोन वर्षांनी उरलेल्या रकमेची नोटीस गावच्या पत्त्यावर गेली.

हिशेब करून बघू. फ्लॅटची किंमत तुम्ही कळवलेली नाही. बाजारात ३४ लाख येतील असं धरू. तुम्ही स्वतः, थोडी घाई करून, ३२ लाखांना विकलात तर बँकेचे फिटून सात लाखांच्या आसपास हातात राहतात. तोच फ्लॅट लिलावात गेला तर? लिलावातला गिऱ्हाईक 'जसं आहे तसं' घेतो, म्हणून पाडूनच मागतो. पहिल्या लिलावाला कोणी आलं नाही की राखीव, म्हणजे बोलीची किमान किंमत उतरते. समजा २६ लाखांना गेला आणि त्यात दीड वर्ष गेलं. नऊ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याजच सव्वातीन लाखांच्या पुढे. म्हणजे येणे २८ लाखांच्या घरात, वर खर्च. घरही गेलं आणि दोन लाखांवर बाकीही राहिली. ती बाकी सरफेसी कायद्याच्या (गहाण मालमत्ता दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा; तुमची साठ दिवसांची नोटीस त्याच्याच खालची) कलम १३(१०) खाली बँक तुमच्याकडून, तुमच्या पत्नीकडून आणि मेहुण्याकडून मागू शकते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं. तुम्ही किल्ली द्यायची आणि हप्ता मेहुण्याने भरायचा, असं व्हायला नको.

तेव्हा घर सोडायचंच ठरलं असेल तर ते बँकेला देऊ नका, विका. पण कलम १३(१३) प्रमाणे ही नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गहाण मालमत्ता विकता किंवा भाड्याने देता येत नाही. विसार पावती करून बसाल आणि मग बँकेत जाल तर अडकाल. उद्याच शाखेत लेखी अर्ज द्या : घर विकून कर्ज फेडायचं आहे, संमती द्या, आजअखेरच्या येण्याचं पत्र द्या, बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. गिऱ्हाईक कर्ज काढून घेणारं असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेच्या नावाने डीडी देते आणि कागद तिकडे जातात. हे रोजचं काम आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

वेळ मात्र थोडा आहे. साठ दिवसांत कलम १३(३अ) खाली लेखी हरकत किंवा निवेदन द्या. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायलाच हवं. त्यात व्याजाचा आणि दंडाचा हिशेबही मागा : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२४ पासून थकीत हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क, आणि तेही मुदलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. साठ दिवस उलटले की बँक आधी कागदोपत्री ताबा घेते आणि नोटीस वर्तमानपत्रात येते. प्रत्यक्ष कुलूप लावायला विरोध झाला तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. वसुलीच्या माणसाला कुलूप तोडायचा अधिकार नाही, आणि सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर त्याने फोनही करायचा नाही.

ताब्याची कारवाई झाली तर तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. पण फक्त वेळ काढायला जाऊ नका. तिथे खर्च होतो आणि व्याज थांबत नाही. आणखी एक गैरसमज : लिलावाच्या दिवशी सकाळी पैसे भरून घर सोडवू, असं लोक अजून म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे.

नवी नोकरी दिसत असेल आणि घर राखायचं असेल तर एक-दोन हप्ते भरून काही होत नाही. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या दफ्तरी अनुत्पादक (थकीत) कर्ज झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. तुमची थकबाकी सध्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. पत्नीचं सोनं तारण ठेवून ती भरायची की नाही, हे वकिलाने सांगायचं नसतं. पण पुढच्या हप्त्याची सोय नसेल तर मी तरी सोन्याला हात लावला नसता.

बँक तडजोडीला तयार झाली तर मात्र किल्लीचा विचार करता येईल. तडजोडीच्या पत्रावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द हवेत, पत्नी आणि मेहुणा दोघेही मोकळे झाल्याचा उल्लेख हवा, आणि सही शाखाधिकाऱ्याची हवी. वसुलीच्या माणसाने आणलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट छापील कागदावर सही नको.

द्राक्षबागेबद्दल : वडील कर्जदार नाहीत, जामीनदारही नाहीत. सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावाचा आणि जमीन स्वकष्टाची असेल तर तुमच्या कर्जाचा तिच्याशी संबंध नाही. शेतजमिनीवर सरफेसी चालतही नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर उरलेल्या बाकीसाठी तुमच्या हिश्श्यापुरता प्रश्न पुढे येऊ शकतो. म्हणून घाबरून बहिणीच्या नावाने हक्कसोडपत्र करायला जाऊ नका. तासगाव-मिरजेकडे हा सल्ला चहाच्या टपरीवरसुद्धा फुकट मिळतो. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं, आणि न्यायालयात तुमचाच खरेपणा संशयात येतो.

अटकेचं म्हणाल, तर हप्ते थकणं हा गुन्हा नाही. पण खात्यात पैसे नसताना बँकेला दिलेला चेक किंवा हप्त्याची ऑटो-डेबिट परत गेली तर त्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी मागणीची नोटीस आली तर ती १५ दिवसांच्या मुदतीची असते. ती या साठ दिवसांच्या नोटिशीत मिसळून बाजूला टाकू नका.

येताना मंजुरीपत्र, खात्याचा उतारा, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि नोटीस घेऊन या. नोटिशीचा लखोटाही जपून ठेवा; ती तुमच्या हातात कधी पडली हे त्यावरच्या शिक्क्यावरूनच सांगता येईल.