दुसरं महायुद्ध वाचायला घेताय? आधी नकाशा घ्या

सगळं युद्ध एकदम वाचायला जाऊ नका. एकच आघाडी धरा. माझं ऐकाल तर पूर्वेची. २२ जून १९४१ ला जर्मनी सोव्हिएत संघात घुसला आणि जर्मन सैन्याची सर्वाधिक हानी तिथंच झाली. स्टालिनग्राडची लढाई, कुर्स्कची लढाई, मग १९४४ चं ऑपरेशन बाग्रातिओन (सोव्हिएत सैन्याची मोठी चढाई), या क्रमाने जा. नकाशा उघडा ठेवाच. व्होल्गा नदी आणि कॉकेशसमधलं तेल कुठे आहे हे दिसलं, की १९४२ मध्ये हिटलरने दक्षिणेकडे मोर्चा का वळवला ते आपोआप उमगतं.

नवखे हमखास इथे चुकतात:

- रणगाड्यांच्या तपशिलात अडकतात. आधी इंधन आणि रसद पाहा.
- नॉर्मंडीपासून, म्हणजे दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तिथून, सुरुवात करतात. तोवर जून १९४४ उजाडला होता! चीनमध्ये तर १९३७ पासूनच लढाई पेटली होती.
- १९४५ ला पुस्तक मिटतात. जर्मनी आणि कोरिया दुभंगले ते या युद्धामुळेच, आणि कोरिया अजून जोडला गेलेला नाही.

इटलीची आघाडी मात्र लवकर वाचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. सेनापतींची नावं आत्ताच पाठ करू नका. अडेल तिथे बिनधास्त विचारा.