गोळी बारा तास चालते ती कशामुळे?

प्रश्न : मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा, धडा म्हणजे नुसती नावं: एचपीएमसी, पीव्हीपी, युड्रॅजिट. पाठ करते आणि विसरते. तरीही पुढे फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे औषधाला गोळी-इंजेक्शनचं रूप देण्यात, संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, 'खरं काम औषधाचा रेणू शोधणाऱ्यांचं. गोळीतला भुसा शिकून काय होणार?' मी काय करू?

उत्तर : आधी तो 'भुसा' बीकरमध्ये टाकून बघ. एचपीएमसी हे सेल्युलोजपासून बनवलेलं पॉलिमर. थंड पाण्यात त्याची पूड एकदम ओत. गुठळ्या होतील. एक गुठळी फोड, आत पूड कोरडीच सापडेल. बाहेरचा थर पाणी पिऊन फुगला, त्याचं जेल झालं आणि त्यानेच आत जाणाऱ्या पाण्याची वाट अडवली. बारा तास चालणाऱ्या गोळीत आपल्याला नेमकं हेच हवं असतं! जेलच्या थरातून औषध हळूहळू झिरपतं आणि थरही बाहेरून झिजत जातो. पाण्यात सहज विरघळणारं औषध मुख्यतः झिरपून बाहेर पडतं; न विरघळणाऱ्याला थर झिजण्याची वाट बघावी लागते.

आता तीच पूड ८०-९० अंशांच्या पाण्यात टाक. एचपीएमसी गरम पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कण सुटे पसरतात आणि पाणी निवलं की गुठळ्यांशिवाय विरघळतात. हे एकदा हाताने केलंस की एचपीएमसी पाठ करावं लागणार नाही.

मग एचपीएमसीच्या ग्रेडकडे वळ. के४एम आणि के१००एम रासायनिकदृष्ट्या एकच, फरक साखळीच्या लांबीचा. पण २ टक्के द्रावणाची चिकटाई एकाची साधारण ४,००० मिलिपास्कल-सेकंद, तर दुसऱ्याची १,००,०००. युड्रॅजिट ही गोळीवर लेप द्यायची पॉलिमर. त्यातलं एल-१०० पीएच ६च्या वर विरघळतं, एस-१०० ७च्या वर, कारण 'एस'मध्ये आम्लगटांचं प्रमाण कमी आहे. म्हणून कोटिंग जठरात टिकतं आणि आतड्यात सुटतं. पुस्तकातल्या प्रत्येक नावाला हाच प्रश्न विचार: पाणी, आम्ल किंवा उष्णता लागली की हा काय करतो, आणि का?

घरच्यांच्या शंकेबद्दल. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या ल्युप्रोलाइडसारखं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून त्याची इंजेक्शनं वारंवार घ्यावी लागत. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याचं महिन्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन मंजूर झालं. रेणू तोच होता. बदल घडवला तो पीएलजीए या शरीरातच विघटित होणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म कणांनी. ज्या रुग्णाच्या सुया वाचल्या, त्याच्या दृष्टीने हे काम दुय्यम कसं?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. नवं पॉलिमर तयार करून ते औषधात आणणं फार लांबचा रस्ता आहे. त्याच्या सुरक्षिततेची माहिती जवळपास नव्या औषधासारखीच गोळा करावी लागते. त्यामुळे उद्योगातलं बरंचसं काम जुन्या, परिचित पॉलिमरवरच चालतं. बॅच बदलली आणि डिझोल्यूशन (गोळीतून औषध विरघळून सुटणं) का घसरलं, दमट हवेत कोटिंग चिकट का झालं, हे उलगडणारी माणसं तिथे लागतात. अशी कोडी आवडत असतील तर पदव्युत्तरला फार्मास्युटिक्स घे. नव्या साखळ्या बांधायच्या असतील तर पॉलिमर रसायनशास्त्राकडे जा, पण संयम ठेवून. आणि शाखेच्या भिंतींना फार घाबरू नकोस. रॉबर्ट लँगर हे केमिकल इंजिनिअर. १९७४ मध्ये ते जुडाह फोकमन या सर्जनच्या प्रयोगशाळेत गेले, आणि पॉलिमरमधून प्रथिनांसारखे मोठे रेणूही सावकाश सोडता येतात, हे दोघांनी १९७६ मध्ये दाखवलं.

तोवर भौतिक रसायनशास्त्र पक्कं कर, विशेषतः विसरण (रेणूंचं पसरत जाणं), चिकटाई आणि काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ होतं). प्रोजेक्टसाठी एकच औषध आणि एचपीएमसीच्या दोनच ग्रेड घे. डिझोल्यूशनचा आलेख काढताना दर तासाला एक गोळी बाहेर काढून मधोमध काप, जेलचा थर मोज, फोटो ठेव. बिघडलेल्या बॅचचीही नोंद वहीत तारखेनिशी असू दे. मुलाखतीत मी सगळ्यात आधी तेच पान उघडायला सांगेन.