खेळताना शिकवणी नको

खेळातून उपचार म्हणजे प्ले थेरपीबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या पत्रांत गैरसमज तेच ते असतात. निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, दिवसभर खेळतोच. मग पैसे देऊन खेळायला कशाला न्यायचं? (भुसावळ)

उत्तर : त्रास नसेल तर नेऊ नका. भीती, राग, दुःख सांगता येत नाही म्हणून वागण्यातून दाखवणाऱ्या, साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी हा उपचार आहे.

प्रश्न : ऑनलाइन 'प्ले थेरपी किट' मिळतं. घेऊ का? (धुळे)

उत्तर : नको. उपचार माणूस करतो, खोकं नाही. 'दहा सेशनमध्ये हमखास फरक' असं सांगणाऱ्यापासूनही लांब राहा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. बहीण झाल्यापासून मारतो, वस्तू फेकतो. त्याचे पप्पा कामाला सुरतला असतात. मी रोज त्याच्यासोबत खेळते, रंग विचारते, गाड्या मोजून घेते. तरी फरक नाही. (चोपडा)

उत्तर : ताई, ही शिकवणी झाली. आईचा वाटा निम्मा झाला म्हणून चिडलेल्या मुलाची खेळातही परीक्षाच घेतली, तर तो राग काढणार कुठे?

आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी ३० मिनिटं फक्त त्याची. बाळ आजीकडे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एका पिशवीत बाहुल्यांचं कुटुंब, दुधाची बाटली, भातुकली, एक गाडी, प्लास्टिकचा वाघ, खडू-कागद आणि पोळ्याला बैल करतो ती माती. बॅटरीवर नाचणारी खेळणी नकोत, त्यात मुलाला करायला काही उरत नाही. एरवी पिशवी बंद.

'आता अर्धा तास तू म्हणशील तसं,' एवढं सांगून खाली बसा. प्रश्न नाही, सूचना नाही, शाबासकीसुद्धा नाही. जे दिसतं ते बोला. त्याने बाहुलीच्या अंगावर गाडी घातली तर 'असं करू नये बाळा' नको आणि 'ही आपली छकुली का?' हे तर मुळीच नको. 'गाडीवाल्याला फार राग आलाय,' एवढंच. राग गाडीवाल्याचा आहे तोवर मुलाला तो दाखवायला भीती वाटत नाही.

तुम्हाला मारायला धावला तर तीन वाक्यं, याच क्रमाने : 'तुला मला मारावंसं वाटतंय. माणसाला मारायचं नाही. उशीला मार.' बहुतेक घरी तिसरं वाक्य राहून जातं आणि मग रडारड. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा, आणि रडला तरी वेळ वाढवू नका.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत दंगा वाढूही शकतो. 'हे बिघडवतंय' म्हणून आया नेमकं तिथेच सोडून देतात. पालकांनी खेळायची ही पद्धत १९६०च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी अमेरिकेत बसवली, पण पालकांना शिकवून आणि देखरेखीखाली. तेव्हा बालमानसतज्ज्ञांना एकदा भेटाच. बाळाला इजा करत असेल किंवा स्वतःला मारून घेत असेल तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. घरी अहिराणीत अखंड बडबड, शाळेत चार महिने तोंड उघडलं नाही. सगळे हट्टी म्हणतात. (शिरपूर)

उत्तर : हट्ट नव्हे, बहुधा भीती. शाळेचा पहिला महिना आणि नवी भाषा यांमुळे मुलं गप्प राहतात, पण अहिराणी बोलणाऱ्या मैत्रिणीशीही ती शाळेत बोलत नसेल तर तज्ज्ञांकडे न्या. 'बोल, चॉकलेट देते' बंद करा. उपचारात आधी ती आईसोबत खेळते, तज्ज्ञ हळूहळू त्या खेळात येतात. अहिराणीतच खेळू द्या.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा, एकही शब्द नाही. सासूबाई म्हणतात, बापही उशिरा बोलला. प्ले थेरपी लावू? (नंदुरबार)

उत्तर : आधी कान तपासा, याच आठवड्यात. दोन वर्षांपर्यंत 'दूध दे' इतकं तरी यायला हवं. बापाचं उदाहरण ऐकण्यात वर्ष जातं आणि लवकर मदत मिळण्याचा काळ हातचा जातो. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, तपासणी मोफत आहे. थेरपी कोणती, ते तपासणीनंतर.

प्रश्न : सेशननंतर 'आज काय खेळलास?' असं विचारावं का? (अमळनेर)

उत्तर : नको. आपणहून सांगितलं तर ऐका. तुमच्या शंका तज्ज्ञांना विचारा. पालकांना अधूनमधून भेटणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.